गुडघाभर छप्पर

९ जानेवारी

शिडी नामंजूर! कारण काय, तर शिडी अनुदानाच्या ‘हरित तंत्रज्ञान’ या सदरात बसत नाही. पॅनेल बसतं, बॅटरी बसते, तार बसते, तार कापायची पक्कडसुद्धा बसते. शिडी नाही. मग पॅनेल छपरावर काय उडत जाणार?

स्टोअरकीपरने सगळं ऐकून घेतलं. दुपारी बघते तर रंगाऱ्यांची जुनी शिडी वरपासून खालपर्यंत हिरवीगार रंगवून वर्कशॉपच्या दाराशी वाळत घातलेली. म्हणाला, “घ्या. आता कोण हरित नाही म्हणतो बघू.”

या माणसाला प्राचार्य करायला हवं.

१३ जानेवारी

दुसरी तुकडी सुरू. सौर पॅनेल बसवायचा वर्ग. आमचं कॉलेज सामुदायिक, म्हणजे ज्याला कुठेच दार उघडत नाही त्याला इथे आत घेतात. बंद कारखान्यातले, शाळा अर्धवट सोडलेले, एक शिंपी, एक ड्रायव्हर. एकजण प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. “आलो मॅडम, आलो.” त्याचं नाव पहिल्याच तासाला ‘डबल’ पडलं.

आणि पहिल्या बाकावर आमच्या वन्सं! यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. डब्यांची झाकणं करायच्या कारखान्यात प्रेसवर होत्या. कारखान्याला टाळं लागलं तेव्हापासून माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढणं एवढंच काम उरलं होतं. वर्गात नाव घाला म्हणून मीच मागे लागले. त्यात माझा स्वार्थ होता, खोटं कशाला लिहू.

हजेरीला घोडं अडलं. बाकी सगळ्यांना अरे-तुरे. यांना नावाने हाक मारावी तर घरी गेल्यावर खैर नाही. शेवटी ‘वन्सं’ म्हणाले. त्या उभ्या राहिल्या नि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “हजर, मॅडम.” वर्ग हसला तो हसलाच. दुपारपर्यंत सगळेच त्यांना वन्सं म्हणायला लागले.

१७ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. मार्चमध्ये अनुदान देणारी समिती येणार. अनुदान दरवर्षी नव्याने मंजूर होतं. आवडलं तर पुढचे पैसे, नाही आवडलं तर वर्कशॉपला कुलूप, आणि ज्यांचा अभ्यासक्रम अर्धा झालाय त्यांना प्रमाणपत्र नाही. माझा करार काय, त्याच कुलपाच्या आत.

“तुम्ही काळजी करू नका,” म्हणाले. मी करत नव्हतेच. कॉलेजात इतके वर्ग उघडताना आणि बंद होताना पाहिलेत, की आता दार वाजलं तरी मान वर होत नाही. यंत्रमाग गेला, छपाई गेली, टायपिंग कधीच गेलं. प्रत्येकाचे नव्याचे नऊ दिवस. माझं मेलं काय, वायरिंगची कामं मिळतील अजून.

वन्संचं मात्र तसं नाही. त्यांच्या वयाच्या बाईला बिनकागदाचं कोण उभं करणार?

२० जानेवारी

आजपासून छप्पर.

आमचं सरावाचं छप्पर वर्कशॉपच्या मधोमध आहे. लाकडी सांगाडा, वर पत्रे, खऱ्यासारखा उतार. फक्त उंची बेताची. खालची कड गुडघ्याएवढी, वरचा कणा छातीएवढा. कारण विमेवाला! मागच्या वर्षी मी माणूसभर उंचीचा आराखडा दिला होता. विमेवाला म्हणाला, गुडघ्याच्या वर गेलात तर खाली जाळी हवी. समिती म्हणाली, जाळी हरित नाही. प्राचार्य म्हणाले, मग गुडघ्यापर्यंतच करा, पोरं पडायला नकोत. झालं. असं हे आमचं छप्पर. मांजरसुद्धा यावरून उडी मारायला लाजेल.

पण काम शिकायला उत्तम. पहिली तुकडी यावरच शिकली.

२४ जानेवारी

सगळ्यांची एकच खोड. पॅनेलला नाक लावून बसवतात आणि म्हणतात, “सरळ आहे मॅडम.” जवळून सगळंच सरळ दिसतं. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं: दोन पावलं मागे जाऊन बघा. मग डबल मागे-मागे गेला, छपरावरून टुणकन खाली उतरला, लांबून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. रांग अशी वाकडी की बदकाची चाल परवडली!

आता सगळ्यांना सवय लागली. पॅनेल बसलं की मागे, मागे, टुण. बघायचं, परत चढायचं. मस्त लय आली आहे वर्गाला.

३० जानेवारी

वन्संचं एक नवीनच. त्यांनी स्टोअरकीपरकडून छपराच्या कण्यावर एक लोखंडी कडी ठोकून घेतली. रोज कंबर नि मांड्यांना पट्टा बांधतात, दोराचा आकडा त्या कडीत अडकवतात आणि मग कामाला हात लावतात. गुडघाभर उंचीवर! रांग बघायला उतरायचं झालं की वाकून आकडा सोडतात, खाली येतात, बघतात, वर जातात, पुन्हा अडकवतात. तोवर बाकीच्यांची दोन पॅनेल होतात.

पोरं “वन्सं, पतंग उडवताय का?” म्हणून चिडवतात. मीही हसले. म्हटलं, “अहो, पडलात तर चप्पल तुटेल फार तर.”

“तुटू दे,” म्हणाल्या.

३१ जानेवारी

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, “ताई लहानपणी पाटावर उभी राहायलाही घाबरायची.” हे गॅरेजमध्ये बसगाड्यांच्या पोटाखाली झोपून काम करतात, यांना उंचीचं काय कळणार. पण हसत होते.

५ फेब्रुवारी

माहितीपत्रक छापून आलं. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर शिट्टीचा फोटो! मागच्या तुकडीतला माझा सगळ्यात हुशार मुलगा. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून शिट्टी. त्याच्यासारखा झपाटा पुन्हा कोणात पाहिला नाही. दोन पावलं मागे, टुण, एक नजर, परत वर, हातात पुढचं पॅनेल. वर्ग संपायच्या आधीच नोकरी मिळाली. फोटोखाली छापलंय: ‘आमच्या पहिल्या तुकडीतील प्रत्येकाला रोजगार.’

प्रत्येकाला हे खरं आहे. पहिल्या दिवशी तरी प्रत्येकाला मिळाला होता.

प्राचार्य म्हणाले, “समितीच्या दिवशी त्याला बोलवा. बोलू दे दोन शब्द.” फोन लावला, उचलला नाही.

११ फेब्रुवारी

ठेकेदार येऊन गेला. छपरांची बरीच कामं घेतली आहेत, माणसं कमी पडताहेत. वर्गात फेरी मारली. डबलचं काम आवडलं. मग वन्संच्या रांगेपाशी थांबला. रांग दोरीत होती. विचारलं, “बाई, वय काय?”

वन्सं म्हणाल्या, “तुम्ही ज्या घरावर चढता त्या घराचं वय विचारता का?”

ठेकेदार खूश! मला बाजूला घेऊन म्हणाला, “प्रमाणपत्र हातात पडलं की पाठवा. पण हात जरा चालवायला सांगा. माझ्याकडे वेळ म्हणजे पैसा.”

संध्याकाळी वन्सं नि मी घरी आलो. दार उघडताना म्हणाल्या, “वहिनी, तो खरंच घेईल?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. नाहीतर सांगतातच.

१२ फेब्रुवारी

आज वन्संनी भाजीला नाव ठेवलं नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

१८ फेब्रुवारी

आज जरा बोलले त्यांना. समितीसमोर प्रात्यक्षिक घड्याळ लावून आहे. चौघांनी खऱ्या छपरावर, म्हणजे ग्रंथालयाच्या पत्र्यांवर, एक पूर्ण रांग बसवायची. वन्संचा वेळ सगळ्यात जास्त. म्हटलं, “सरावात तो दोर सोडा. वरच्या छपरावर बांधा हवा तर. इथे कशाला हवंय ते सोंग?”

त्यांनी ऐकून घेतलं. पट्टा बांधला, आकडा अडकवला, काम सुरू केलं.

पालथ्या घड्यावर पाणी! मी तोंड फिरवून डबलकडे गेले.

संध्याकाळी घरी भाजी निवडताना स्वतःच विषय काढला. म्हणाल्या, कारखान्यात प्रेसवर बसलं की दोन्ही मनगटांना पट्टे बांधायचे. पट्ट्यांना दोऱ्या, दोऱ्या मशीनला. प्रेस खाली आला की दोऱ्या हात मागे खेचायच्या, तुम्ही विसरलात तरी. “त्या दोऱ्या अडकवल्या की माझा दिवस सुरू व्हायचा. नाही अडकवल्या तर हात पुढेच जात नसे. घाबरत नाही गं मी. सवय आहे.”

मी विचारलं, “कधी कोणाचे हात—?”

“जी म्हणायची, ‘आज एवढंच तर आहे, राहू दे दोऱ्या’, तिचे.”

भाजी निवडून झाली.

२५ फेब्रुवारी

प्राचार्यांच्या अंगात समिती संचारली आहे. वर्कशॉपला रंग. खिडक्या पुसल्या. कुंड्या आणल्या. हरित म्हणून! आज रंगारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहीत होता:

दोन पावलं मागे जाऊन बघा.

“तुमचंच वाक्य,” प्राचार्य म्हणाले. “किती अर्थ भरलाय त्यात! पर्यावरण, विकास, सगळंच आलं.” मी म्हटलं, “सर, मी पॅनेलच्या रांगेबद्दल म्हणते.” त्यांनी ऐकलं नाही.

खरं लिहू? बरं वाटलं. इतकी वर्षं शिकवतेय, भिंतीवर कधी गेले नव्हते.

४ मार्च

शिट्टीला पुन्हा फोन. बंद. प्राचार्य नाराज. “कामात असेल,” मी म्हटलं. मनात मात्र राग आला. मोठा माणूस झाला! एक फोन उचलायला काय होतं? गरज सरो नि वैद्य मरो.

९ मार्च

ग्रंथालयाच्या छपरावर पहिला सराव. मी वर कण्यापाशी बसून, चौघं खाली उतारावर. ग्रंथालय एकमजली पण छत उंच, कडेपासून जमीन चांगली दोन माणसं खाली. पोरं पहिल्यांदा गप्प होती. पट्टे सगळ्यांनी बांधले, आकडेही अडकवले. एक-दोन पॅनेल बसवून उतरलो. समितीसाठी बाकीची जागा मोकळी ठेवली.

ठीक झालं. वन्सं थोड्या हळू, बाकी ठीक.

१५ मार्च

उद्या समिती. हे म्हणाले, “ताईला आज लवकर झोपू दे.” जसं काही मीच जागी ठेवते! त्या आपल्या बूट पुसत बसल्या आहेत.

१६ मार्च

काय लिहू. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

समिती आली. तिघंजण. मुख्य एक गॉगलवाल्या बाई, बोलायला चांगल्या, सगळं नीट विचारत होत्या. कुंड्या पाहिल्या, छप्पर पाहिलं, भिंतीवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, “हे आम्ही सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हवं.” प्राचार्य फुलले.

मग ग्रंथालय. समिती खाली खुर्च्यांवर, ऊन तोंडावर. मी कण्यापाशी. चौघं उतारावर. घड्याळ लागलं. दोराचं असं असतं, की दुसऱ्या पॅनेलकडे सरकायचं तर आकडा सोडून पुढच्या कडीत अडकवावा लागतो. दोन-तीन वेळा सगळ्यांनी केलं. मग डबलने सोडला तो सोडलाच. पट्टा अंगावर, आकडा लोंबतोय. दुसऱ्यानेही तेच. मी पाहिलं का? डोळ्यांनी पाहिलं असणार. माझं लक्ष रांगेवर होतं.

वन्सं मात्र दर वेळी सोडत होत्या, अडकवत होत्या. त्यांचं शेवटचं पॅनेल राहिलं. खालून प्राचार्य मनगटावर बोट आपटून मला खुणा करत होते. मी म्हटलं, “वन्सं, राहू दे आता तो दोर, एकच तर आहे.”

एकच तर आहे. मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अडकवला. पॅनेल बसवलं. बोल्ट आवळले. चेहऱ्यावर असं समाधान, की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. आणि मग रांग सरळ आहे का बघायला त्या दोन पावलं मागे गेल्या.

पहिलं पाऊल पत्र्यावर. दुसरं हवेत.

आवाज झाला नाही. त्या फक्त दिसेनाशा झाल्या. दोर ताणला गेला, कडी करकरली. मी पालथी पडून कडेशी घसरत गेले. खाली वन्सं पट्ट्याला लटकलेल्या, एक बूट जमिनीवर, हातात पाना तसाच. वर बघून म्हणाल्या, “वहिनी, सरळ आहे गं रांग.”

खाली टाळ्या वाजत होत्या.

टाळ्या! हिरवी शिडी लावून त्यांना उतरवलं तोवर गॉगलवाल्या बाई उभ्या राहून म्हणत होत्या, “सुरक्षेचं इतकं जिवंत प्रात्यक्षिक मी कुठल्याच कॉलेजात पाहिलं नाही. हे ठरवून केलंत ना?” प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक. पण माणूस मुरलेला. “अर्थात,” म्हणाले. “मॅडमचीच कल्पना.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी होकाराची मान हलवली.

१७ मार्च

वन्संच्या दोन्ही मांड्या पट्ट्याने काळ्यानिळ्या झाल्यात. बाकी धड आहेत. औषध लावताना मी रडले. त्या म्हणाल्या, “मला लागलंय, तू कशाला रडतेस?” मग म्हणाल्या, “मंजूर होईल ना गं?”

यांना आम्ही दोघींनीही पूर्ण सांगितलेलं नाही. ‘पाय घसरला’ एवढंच.

१९ मार्च

पण पाय घसरला नव्हता! हेच डोक्यातून जात नाही. वन्सं घसरल्या नाहीत, तोल गेला नाही, चक्कर आली नाही. त्या अगदी शांतपणे, व्यवस्थित, शिकवल्याप्रमाणे कडेवरून मागे गेल्या. रोज आकडा सोडून मगच उतरणारी बाई त्या दिवशी तोही न सोडता गेली, एवढी रांगेत गुंतली होती. पाय आपोआप गेले. टुण.

मी स्वतः इतकी वर्षं लोकांच्या छपरांवर काढली. तेव्हा रांग बघायला आम्ही शिडीने खाली उतरायचो, नाहीतर खालून कोणीतरी ओरडायचं, डावीकडे घे, डावीकडे. मागे पाऊल कोणी टाकत नसे, पायच ते टाकू देत नसत. हे मागे जाणं या गुडघाभर छपरावर आलं. कोणी आणलं? मीच. इथे सोयीचं पडतं म्हणून. आणि पोरांचे पाय शिकले.

२१ मार्च

मंजूर! पुढच्या वर्षाचं अनुदान तोंडी मंजूर, सह्या एप्रिलमध्ये. प्राचार्यांनी पेढे वाटावेत तसा चहा वाटला. ‘सुरक्षा प्रशिक्षण उल्लेखनीय’ असा समितीचा खास शेरा.

मी म्हटलं, “सर, आता छप्पर उंच करू या. खाली जाळी. दोर सगळ्यांना सक्तीचा.”

“कशाला?” म्हणाले. “सुरक्षा तर आपली सगळ्यात चांगली ठरली! आता त्यासाठी पैसे मागितले तर विचारतील, कमी काय होतं? उलट पुढच्या वर्षीही ते ठेवू. ते लटकणं.”

उंटावरून शेळ्या. मी गप्प बसले. सह्या होऊ देत, मग बोलू. वन्संचं प्रमाणपत्र हातात पडू दे. असंच ठरवलं. हे शहाणपण की भित्रेपणा, ते आज ठरवत नाही.

वन्संना मंजुरीचं सांगितलं. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि आमटीत मीठ जास्त आहे म्हणाल्या.

२३ मार्च

वर्गातलं माझ्यापुरतं मी केलं. छपराच्या खालच्या कडेला लाल पट्टी मारली. म्हटलं, याच्या मागे विहीर आहे असं समजायचं. जो पाय टाकील तो दिवसभर खाली बसून बघेल. आणि कडीत आकडा अडकवल्याशिवाय पाना हातात नाही.

पहिल्या अर्ध्या तासात सहाजण विहिरीत! डबल दोनदा. हसत होते सगळे. मला हसू येईना. शेवटी मीच रांग दाखवायला चढले, बोलत-बोलत मागे गेले आणि खाली उतरले. वन्सं म्हणाल्या, “मॅडम, बसा खाली.”

२४ मार्च

आज कपडे वाळत घालताना एकदम उमगलं. ही तुकडी माझ्यासमोर आहे. पहिली कुठे आहे? ते सगळे याच छपरावर शिकले, आणि ते आज खऱ्या छपरांवर आहेत.

२५ मार्च

फोन करत सुटले. एकाने मोबाइलचं दुकान टाकलंय, छपरं सोडली. एकजण मुकादम झालाय. त्याला विचारलं, रांग बघताना मागे जातोस का रे? तो हसला. “अहो मॅडम, पहिल्या आठवड्यात एक पाय गेला होता बाहेर! बरोबरच्या म्हाताऱ्याने कॉलर धरली. तेव्हापासून कानाला खडा.” आणखी एक म्हणाला, “सगळ्यांचंच होतं मॅडम, कॉलेजातली सवय ना.” किती सहज! मला कोणीच सांगितलं नाही. म्हणाले, त्यात सांगायचं काय.

शिट्टीचा फोन बंद.

२७ मार्च

शिट्टीचा फोन बंद. तो ज्या कंपनीत लागला होता तिथे विचारलं. “तो? तो तर कधीच सोडून गेला.” का? माहीत नाही, माणसं येतात-जातात.

माहितीपत्रकावर हसतोय.

३० मार्च

प्राचार्यांनी सांगितलं, सह्या शुक्रवारी. तोवर शब्दही नको. मुकादमाने शिट्टीच्या घराचा पत्ता शोधून दिला. वन्सं म्हणाल्या, “मी येते बरोबर.” म्हटलं, नको. म्हणाल्या, “विचारत नव्हते.”

१ एप्रिल

शिट्टी घरीच आहे. कॉटवर. कंबर मोडली ती नीट जुळली नाही, काठीशिवाय न्हाणीपर्यंतही जाता येत नाही. पहिल्याच महिन्यात, पहिल्याच मोठ्या छपरावरून. फोन विकला. कॉलेजला कळवलं नाही, कारण त्याला लाज वाटत होती. म्हणाला, “मॅडम, तुम्ही इतकं नीट शिकवलं होतं, माझंच काहीतरी चुकलं.” वन्सं त्याच्या उशाशी बसल्या, माझ्याकडे बघेनात.

त्याच्या दारातूनच प्राचार्यांना फोन केला. म्हटलं, समितीला सांगा ते प्रात्यक्षिक नव्हतं, माझी नणंद खरंच पडली होती. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते. वन्संनी ऐकलं. त्यांचं प्रमाणपत्र त्या वाक्यात होतं, ते त्यांना कळलं. एकदा ‘हो’ अशी मान हलवली फक्त.

निघताना न राहवून विचारलं, अरे, पण पडलास कसा?

“रांग बघत होतो,” म्हणाला. आणि मग जरासा हसून, वर्गात हसायचा तसा, “अगदी सरळ होती, मॅडम.”